आदी मान्यवर

हा माणूस तुमच्याही गावात आहे. सांगलीत त्याला तात्या म्हणत असतील, कोल्हापुरात अण्णा, इस्लामपुरात नाना. आमच्या कराडात ते आबा. वय साठीच्या पुढं, पण नेमकं किती ते सांगत नाहीत. उभा जन्म दुसऱ्यांच्या जन्मतारखा तपासण्यात गेल्यामुळं या विषयातले धोके त्यांना पुरते ठाऊक आहेत. पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, खिशाला एक निळं आणि एक लाल अशी दोन पेनं, गळ्यात शिट्टीची दोरी आणि काखेत काळी रेक्झिनची बॅग. शनिवार पेठेतून दत्त चौकाकडं हा सगळा सरंजाम येताना दिसला की निम्मे दुकानदार गल्ल्यावरून उठून आत जातात. उरलेले निम्मे म्हणतात, "या आबा, चहा घ्या." आत जाऊन उपयोग नसतो, हे त्यांना अनुभवानं कळलेलं असतं. आबा बाहेर थांबतात.

आबा म्हणजे तालुक्याच्या कबड्डी संघटनेचे सेक्रेटरी. अध्यक्ष येतात आणि जातात. कधी कारखान्याचा संचालक, कधी नगरसेवक, मध्ये एकदा एक प्लॉटिंगवालाही होऊन गेला. अध्यक्षानं फोटोत मधोमध उभं राहायचं, आणि त्या फोटोसाठी हार, खुर्च्या, फोटोग्राफर आणि जमल्यास खेळाडू सेक्रेटरीनं आणायचे, अशी कामाची सरळ वाटणी आहे.

त्याआधी आबा स्वतः खेळाडू होते. उजवा कोपरा. घोट्याची पकड ही खासियत. त्या पकडीपायी उजव्या हाताची दोन बोटं अशी वाकलीत, की आबांनी समोरच्याला नमस्कार केला तरी ती दोघं शेजारच्याला करतात. मातीवर खेळून गुडघे गेले. जिना चढताना ते वाजतात, त्यामुळं आबा वर येताहेत हे घरात आधी कळतं. खेळाच्या जोरावर साखर कारखान्यात टाइम ऑफिसला चिकटले. सकाळी कामगारांची हजेरी घ्यायची, संध्याकाळी मैदानावर पोरांची. निवृत्तीनंतर सकाळही पोरांनाच दिली.

त्यांच्या खेळातला एक सामना सगळ्या कराडाला तोंडपाठ आहे. गाव यात्रेचं, उजेड गॅसबत्तीचा, एक गुण पुढं, शेवटची चढाई आणि समोरून येणारा तो आडदांड गडी. आबांनी त्याचा घोटा धरला तो सुटलाच नाही. पूर्वी हा गडी सत्तर किलोचा असायचा. दरवर्षी थोडा थोडा भरत भरत तो आता नव्वदीच्या पुढं गेलाय. पुरुष गटात 85 किलोच्या वर खेळताच येत नाही, असं कुणी दबकत सुचवलं तर आबा शांतपणे म्हणतात, "तवा काटा कुटं हुता?"

दुसरी कथा चिठ्ठीची. राज्याच्या निवड चाचणीला बोलावल्याचं कार्ड त्यांना चाचणी संपल्यावर मिळालं. दोष कुणाचा यावर आबांची मतं आलटून पालटून पोस्ट, पाऊस आणि तेव्हाचा सेक्रेटरी अशी असतात. पण त्याचा परिणाम असा, की आजही कुठल्या पोराची निवड झाली तर आबा ते पत्र स्वतः घरी नेऊन देतात. पूर्वी सायकलवरून, आता स्कूटीवरून. व्हॉट्सअॅपवर यादी आदल्या रात्रीच फिरलेली असते. पोरगं मित्रांना पेढे वाटून मोकळं झालेलं असतं. तरी दुसऱ्या दिवशी आबा ओगलेवाडीला नाहीतर मलकापूरला त्याच्या दारात हजर. "आईला बोलीव," म्हणतात. पत्र आईच्या हातात देतात आणि पोचवहीवर तिची सही घेतात.

आबांचं खरं रूप बघायचं तर वजनं घेण्याच्या दिवशी जावं. किशोर गट म्हणजे वय 16 आणि वजन 55 किलोच्या आत. कुमार गट म्हणजे वय 20 आणि वजन 70 किलोच्या आत. या चार आकड्यांभोवती अख्ख्या तालुक्याची अक्कल खर्च होत असते. मिशा काढून आलेली पोरं, थोरल्या भावाऐवजी धाकट्याचा दाखला घेऊन आलेली पोरं. एकदा तर किशोर गटाच्या खेळाडूला डबा घेऊन त्याचा मुलगा आला होता, असं आबा सांगतात, आणि यात त्यांनी वजन वाढवलेलं नाही असं बाकीचे सांगतात. कागदावर आबांचा विश्वास कमीच. ते खुर्चीत मागं टेकतात, लाल पेन उघडतात आणि विचारतात,

"जन्मसाल काय?"

"दोन हजार दहा."

"पाठ करून आलायस. धाकटी भन हाय का?"

"हाय की."

"तिचं काय?"

"दोन हजार... नऊ."

"म्हंजी धाकटी तुज्याहून थोरली! जा, घरी जाऊन आदी भांडण मिटवा."

मग काट्यावर उभं करायचं कार्य. काटा पंचावन्न किलो चारशे ग्रॅम दाखवतो. पोराचा चेहरा पडतो. "बूट काड. बनियन काड. करदुटा—ऱ्हाऊ दे, आई वरडंल. जा, स्टेडियमला दहा चकरा मार अन् थुकत थुकत ये." पोरगं धावतं. आबा बाकीच्यांची वजनं घेत राहतात, पण डोळा त्याच्यावरच. तासाभरानं चोपन्न किलो नऊशे भरल्यावर वहीत निळ्या पेनानं नोंद होते. मग तीच काळी बॅग उघडते आणि तिच्यातून केळी आणि गूळ-शेंगदाणे निघतात. "खा. उद्या चढाईत चक्कर आली तर नाव माजं जायाचं." ज्याला वयात न बसल्यामुळं बाद केलं, तो कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला असतो, त्यालाही दोन केळी मिळतात. बाद म्हणजे बादच, पण उपाशी कशाला?

स्पर्धेची तयारी महिनाभर आधी सुरू होते आणि त्यातला तीन आठवड्यांचा वेळ निमंत्रणपत्रिकेत जातो. कबड्डीत सात जणांना मैदानात कुठं उभं करायचं हे आबा झोपेतही सांगतील. पत्रिकेत बारा पुढाऱ्यांना कुठं उभं करायचं, हे मात्र त्यांना अजून साधलेलं नाही. कराडात उत्तर आणि दक्षिण असे दोन विधानसभा मतदारसंघ, शिवाय नगरपालिका, कारखाने, बँका. कुणाचं नाव कुणाच्या वर गेलं यावरून मांडवाचं भाडं कोण देणार ते ठरतं. एका वर्षी आबांनी नावं बाराखडीप्रमाणं छापून टाकली. तेव्हापासून 'ह'नं आडनाव सुरू होणारे एक गृहस्थ कबड्डी या खेळाबद्दलच कटू बोलतात.

उद्घाटनाला पाहुणे दोन तास उशिरा. आबा तोवर पोरांना "अंग गरम ठेवा" म्हणत राहतात. शेवटी पोरं गरम राहतात, पालक तापतात. एकदा सामन्याची घोषणा झाली, "सरपंचांनी ताबडतोब मैदानात यावं." कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. पण मांडवात शेजारच्या गावचे खरे सरपंच बसलेले होते. ते बिचारे टोपी सारखी करत, चपला काढून, मैदानाला नमस्कार करून मध्यरेषेवर येऊन उभे राहिले. दुसऱ्या बाजूनं शिट्टी घेऊन पंचही आले. आबांनी प्रसंग ओळखला, नाणं खऱ्या सरपंचांच्या हातात दिलं आणि माइकवर म्हणाले, "आपल्या स्पर्धेची नाणेफेक सन्माननीय सरपंचांच्या हस्ते होत आहे." सरपंचांनी खूश होऊन तिथंच मोठ्या रकमेचं बक्षीस जाहीर केलं. आबांनी तिथंच पावती फाडली.

सामने संपले की रात्री अकराला आबा बातमी लिहायला बसतात. 'ऐक्य', 'पुढारी', 'सकाळ', तिन्हींना वेगवेगळ्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात. पहिल्या परिच्छेदात अध्यक्ष, दुसऱ्यात पाहुणे, तिसऱ्यात निकाल, आणि सर्वांत शेवटी संयोजन करणाऱ्यांमध्ये स्वतःचं नाव. जागेअभावी बातमी खालून कापतात. सकाळी पेपरात येतं, 'यावेळी अमुक, तमुक आदी मान्यवर उपस्थित होते.' आबा चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचतात, कात्री घेतात आणि कात्रण वहीत डकवतात. "जन्म गेला माजा," ते म्हणतात, "ह्या 'आदी'मदी."

वर्षातून तीन दिवस आबा भाषण करतात. 15 जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, म्हणजे राज्य क्रीडा दिन. 15 जुलै हा बुवा साळवींचा, म्हणजे कबड्डी दिन. 29 ऑगस्ट हा ध्यानचंदांचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिन. फोटो तीन, हार एकच, भाषणही एकच. ते हेलसिंकीपासून सुरू होतं. कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचे खाशाबा, टिळक हायस्कूलचे विद्यार्थी, 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकतात. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघते. इथपर्यंत सगळेच वक्ते येतात. आबांची गाडी मात्र बैलगाड्यांपाशी थांबत नाही, ती उलटी कोल्हापूरकडं वळते.

"खाशाबा गेले कशावर?" आबा विचारतात. पोरांना वाटतं विमानाचं विचारताहेत. "पैशावर! राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर. त्येंनी आपलं राहतं घर गहाण टाकलं. सात हजार रुपयं. बावन साली! मिरवणुकीत गाड्या एकशे एक्कावन, सगळ्यांनी मोजल्या. घराचं कागद किती जणांनी बघितलं?" पुढं खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं, हे सांगताना आबांचा आवाज जरा जड होतो. पण लगेच ते सावरतात आणि पावतीपुस्तक पुढच्या रांगेत सोडतात. हेलसिंकीला जाणाऱ्या पोराच्या मागं कोण होतं हे सांगून झाल्यावर नाही म्हणायची पुढच्या रांगेची छाती होत नाही.

हिशेबाच्या बाबतीत आबा निष्ठुर आहेत. जमा निळ्या शाईत, खर्च लाल. फक्की, मांडव, स्पीकर, पंचांचं मानधन, नारळ, रिबन, रिबन कापायची कात्री, आणि कात्री कुणीतरी नेल्यामुळं दुसरी कात्री. मॅट आल्यापासून फक्की कमी लागते, पण मॅटचं भाडं आणि टेंपो मिळून ती बचत दहा वेळा गिळतात. वार्षिक सभेत कुणी विचारलं नाही तरी आबा सगळा हिशेब वाचून दाखवतात. लोक बटाटेवडे संपवून हात पुसत असतात, तेव्हा आबा 'किरकोळ' या खात्याचा तपशील देत असतात.

आबांच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात इतक्या वर्षांच्या सगळ्या स्पर्धांची गुणपत्रकं आहेत. आबांच्या मंडळी, म्हणजे काकी, दर दिवाळीला ती रद्दीत घालायला निघतात आणि आबा ट्रंकेवर बसून फराळ करतात. पण सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि प्रमाणपत्राची पडताळणी निघाली की कालचा उंडगा चढाईपटू गल्ली शोधत येतो. "आबा, ते अमुक सालचं प्रमाणपत्र..." आबा आधी त्याला तेव्हा बुडवलेल्या सरावाची आठवण देतात, मग ट्रंक ओढतात. गुणपत्रकावर त्याचं नाव, चढाया, गुण, पंचांच्या सह्या, सगळं असतं. त्या ट्रंकेतून किती पोलीस बाहेर पडलेत, याचा पोलीस खात्यालाही पत्ता नसेल. नाक्यावर एखादा हवालदार आबांची स्कूटी हेल्मेटसाठी अडवतो, जवळून बघतो आणि सलाम ठोकतो. आबा त्याला विचारतात, "वजान वाडलंय का रं?"

घरी आबांचे चषक खूप आहेत, पण मोकळा एकही नाही. एकात काकींच्या सुया-दोरे, एकात औषधाच्या गोळ्या, सर्वांत मोठ्यात छत्रीचे दांडे. स्पर्धेच्या काळात बाहेरगावचे दोन संघ हमखास आबांच्या पडवीत झोपतात आणि काकी परातभर भाकऱ्या थापतात. त्यांना कबड्डीचे नियम येत नाहीत असं त्या सांगतात, पण कोणत्या संघाला किती भाकऱ्या लागतात यावरून उद्या कोण जिंकणार हे त्या आदल्या रात्रीच सांगतात.

मुलीच्या लग्नात आबांनी दोन दिवस आधी फळ्यावर कार्यक्रम लिहिला होता: नोंदणी, नाष्टा, हळद, अक्षता. वऱ्हाड पाऊणतास उशिरा आलं. आबा मांडवाच्या तोंडाशी घड्याळ हातात धरून उभे, आणि नवऱ्या मुलाचा बाप मोटारीतून उतरताच म्हणाले, "पाव्हणं, आणखी पाच मिनटं गेली असती तर पुढं चाल दिली असती." व्याही आठवडाभर विचार करत होते, की चाल कुणाला दिली असती.

2014 साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि आबांचं जग उजळलं, तसंच थोडं बिघडलंही. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके दिल्लीकडून चढाया करताना दिसला, तेव्हा आबांनी गल्लीला चहा पाजला. चढाईला तीस सेकंदांचं बंधन, गुणाचा फलक, रंगीत मॅट, सगळं त्यांना आवडतं. पोरं मात्र आता खेळायच्या आधीच मांडी थोपटतात. "आदी घोटा धर," आबा ओरडतात, "मग मांडी बडीव." 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणनं भारताच्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत हरवलं, त्या रात्री आबा जेवले नाहीत. 2023 साली हांगझोऊच्या अंतिम सामन्यात पुन्हा इराणच समोर. एका चढाईच्या गुणांवरून वाद पेटला आणि खेळ बराच वेळ अडला. दोन्ही संघ पंचांना घेरून उभे. सगळा देश टीव्हीवर ओरडत होता. आबा नियमपुस्तिका मांडीवर उघडून बसले होते. "तोंडी हरकत चालत न्हाय," ते टीव्हीला सांगत होते. "लेखी द्या. फी भरा." शेवटी भारत 33-29 नं जिंकला. आबांना आनंद झाला, पण हरकतीची फी कुणी भरली हे समजलं नाही, ही चुटपुट राहिली.

माझा पुतण्या नोकरीला डब्लिनला असतो. सुट्टीला आला तेव्हा तो आबांना तिकडच्या गेलिक फुटबॉलबद्दल सांगत होता. त्या खेळाची संघटना 1884 सालापासूनची. गाव तिथं क्लब. अंतिम सामन्याला क्रोक पार्कच्या मैदानावर ऐंशी हजारांवर माणूस, आणि खेळणारा एकही पगारी नाही. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, रविवारी फायनल खेळून पुन्हा आपापल्या कामावर. जुने खेळाडूच पुढं क्लबाचे सेक्रेटरी, खजिनदार होतात. आबांनी सगळं ऐकून घेतलं. ऐंशी हजारांचं त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, "खुर्च्या कोण मांडतं?"

पुतण्या म्हणाला, "असतात की क्लबाची जुनी माणसं."

"मंग चालंल ती संघटना," आबा म्हणाले, आणि त्याचीही पावती फाडली. परदेशस्थ हितचिंतक.

दरवर्षी वार्षिक सभेत शेवटच्या विषयाला आबा राजीनामा देतात. कागद जुनाच, फक्त वर्ष खोडून नवं घातलेलं. खोडाखोड इतकी झाली आहे, की समासातही आता जागा नाही. "तरुणांनी पुढं यावं," आबा म्हणतात. सभा एकमुखानं "नको, नको आबा" म्हणते, आबा नाइलाजानं कागद घडी घालून बॅगेत ठेवतात आणि चहा येतो.

गेल्या सभेत मात्र मागच्या रांगेतला एक तरुण उठला. चांगला खेळलेला, इंजिनिअर, जरा शहाणा. म्हणाला, "आबांनी खूप केलं. आता आपण त्यांना विश्रांती देऊया. राजीनामा मंजूर करावा." चहावाला दारातच थांबला. आबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग त्यांनी शांतपणे बॅग टेबलावर पालथी केली.

"या, साहेब. ह्या किल्ल्या. ही मैदानाच्या खोलीची, कुलूप डावीकडनं दाबून उघडतं. हा काटा, दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, पोरांना सांगायचं न्हाय. हे मांडववाल्याचं मागचं बिल, तो रोज सकाळी सातला घरी येतो. ही आपल्या पाव्हण्यांची यादी. ह्या दोघांना शेजारी बसवायचं न्हाय, ह्या तिघांना लांब बसवायचं न्हाय. परवा निवड चाचणी. पंचांच्या चपात्या तुमच्या मंडळींना सांगून ठेवा, बावीस जणांच्या. आन् ती ट्रंक. तिला माज्या घरनं न्यायला दोन माणसं लागतील. ती मिळत न्हाईत, तीन वर्सं बघतोय."

यादी संपायच्या आत तरुणानं 'मंजूर करावा' याऐवजी 'विचार करावा' असं नोंदवून घ्यायला सांगितलं. सभेनं त्याला एकमतानं सहसचिव केलं. त्यानंतर त्याचा शहाणपणा हळूहळू कमी होत गेला. रविवारी तो मैदानावर फक्की आखताना दिसतो. खिशाला दोन पेनं आली आहेत. परवा वर्गणीला तोच आला, एकटा. मला वाटलं, आबांनी अखेर कारभार सोडला म्हणायचा. मी रक्कम दिली, पावती हातात घेतली. त्याच्या अक्षरात माझं नाव, त्याच्या अक्षरात आकडा, आणि खाली सही आबांची. पुस्तकातल्या सगळ्या पावत्यांवर त्यांनी आधीच सह्या करून ठेवल्या होत्या.

"आबांचा तुझ्यावर विश्वास आहे म्हणायचा," मी म्हणालो.

"हाय की," तो म्हणाला. "रोज रात्री पावत्या मोजून घेतात."